योगी आणि प्रयोगशाळा

पुण्याहून मुंबईकडे जाणारी आगगाडी बोरघाट उतरण्यापूर्वी लोणावळ्यास थांबते. प्रवासी चिक्की घेतात, पावसाळा असेल तर धुक्यात बुडालेले डोंगर पाहतात आणि पुढे जातात. याच गावात १९२४ साली विजयादशमीच्या मुहूर्तावर एक आश्रम स्थापन झाला. त्याचे नाव कैवल्यधाम. आश्रम म्हटला, की पर्णकुटी, मृगाजिन आणि कमंडलू डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु या आश्रमाच्या संस्थापकाला त्यांच्या जोडीला पाऱ्याचा दाबमापकही हवा होता. आसने व प्राणायाम करणाऱ्या माणसाच्या शरीरात नेमके काय घडते, हे त्याला डोळ्यांनी पाहावयाचे होते आणि आकड्यांत मांडावयाचे होते. त्या वेळी योगाचे भक्त म्हणत, "योगासारख्या पवित्र विद्येला यंत्रे कशाला लावावीत?" पाश्चात्त्य विद्येत वाढलेले लोक म्हणत, "या बैराग्यांच्या खेळात पाहण्यासारखे आहे तरी काय?" दोघांचेही न ऐकणारा हा मनुष्य म्हणजे स्वामी कुवलयानंद.

जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. गुजरातेतील डभोई येथे ३० ऑगस्ट १८८३ रोजी त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी, शिक्षणासाठी इतरांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागले. तशाही स्थितीत १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृत विषयाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि ते बडोद्याच्या महाविद्यालयात दाखल झाले. बडोद्यास जुम्मादादांची व्यायामशाळा प्रसिद्ध होती. तेथे प्रोफेसर माणिकराव तरुणांना देशी व्यायामाचे धडे देत असत. गुणे त्यांच्या हाताखाली तयार झाले. पुढे खानदेशात अमळनेर येथे ते राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. मुलांचे शरीर बळकट व्हावे आणि मन स्वतंत्र व्हावे, ही तळमळ त्यांना तेव्हापासूनच होती.

नर्मदेच्या काठी मालसर या गावी परमहंस माधवदासजी नावाचे एक वृद्ध बंगाली योगी राहत. १९१९ साली गुण्यांनी त्यांच्यापाशी योगाचा अभ्यास सुरू केला. गुरूवर त्यांची अपार श्रद्धा होती. परंतु श्रद्धा असली म्हणून प्रश्न विचारू नयेत, असे त्यांना वाटत नसे. गुरूने शिकविलेल्या क्रियांचा गुण त्यांना स्वतःच्या देहावर येत होता; तो का येतो, हे मात्र कोणी सांगू शकत नव्हते. जुन्या ग्रंथांची भाषा सांकेतिक होती आणि नव्या वैद्यकाच्या पुस्तकांत या क्रियांचा उल्लेखही नव्हता. तेव्हा १९२० च्या सुमारास, आपल्या काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन, त्यांनी बडोद्याच्या सरकारी रुग्णालयातील प्रयोगशाळा गाठली.

परीक्षेसाठी त्यांनी निवडलेल्या क्रिया होत्या उड्डियान आणि नौली. उड्डियानात श्वास पूर्णपणे बाहेर सोडतात, आणि मग हवा आत न घेता, श्वास घेताना फुगते तशी छाती फुगवितात. फुप्फुसांत हवा शिरत नाही. त्यामुळे छाती व पोट यांमधला श्वासपटलाचा पडदा वर ओढला जातो आणि पोट खपाटीला जाते. नौलीमध्ये याच स्थितीत पोटाचे मधले उभे स्नायू पुढे काढून दोरखंडासारखे फिरवितात.

जुन्या योगग्रंथांत अशी एक क्रिया सांगितली आहे, की योगी बेंबीइतक्या पाण्यात बसून एका पोकळ नळीच्या साहाय्याने मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेतो व आतडे धुऊन काढतो. पाणी स्वभावतः खाली जाणारे. ते वर कसे चढते? कोणी म्हणत, प्राणशक्ती ते उचलते. कोणी म्हणत, योग्याची सिद्धी. गुण्यांनी साधा विचार केला. सरबताच्या पेल्यात नळी घालून मूल ती चोखते, तेव्हा सरबत वर येते, कारण तोंडातील हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब सरबताला वर ढकलतो. आतड्यातही तसाच दाब कमी होत असला पाहिजे. आणि दाब कमी होत असेल, तर तो मोजता आला पाहिजे.

मग आतड्यात सोडलेली नळी दाबमापकाला जोडण्यात आली. नौलीची क्रिया सुरू होताच पारा हलला. आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खरोखरच खाली गेला होता. सिद्धी नव्हे, जादू नव्हे; स्नायूंनी निर्माण केलेली अंशतः निर्वात पोकळी! या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूचे नाव देऊन टाकले. शरीरशास्त्रातील एका शोधाला 'माधवदास' हे नाव मिळावे, यापेक्षा आगळी गुरुदक्षिणा कोणती असणार? क्ष-किरणांच्या साहाय्यानेही त्यांनी याच क्रियांची परीक्षा घेतली. हे सारे प्रयोग त्यांनी 'योगमीमांसा' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. हे नियतकालिक आश्रमाबरोबरच १९२४ साली सुरू झाले.

कैवल्यधामची कीर्ती हळूहळू पसरली. १९२७ साली खुद्द गांधीजींनी पत्रांतून आपल्या प्रकृतीसाठी कुवलयानंदांचा सल्ला घेतला. पण आश्रमात येणाऱ्या सामान्य माणसाला दाबमापकाशी कर्तव्य नव्हते. त्याला हवी होती ती दुखणाऱ्या पाठीवर आणि अस्वस्थ मनावर काही तोड. योगाभ्यासाचा शरीराला उपयोग होतो तो कसा, हे आता पाहिले पाहिजे.

आसन म्हणजे कसरत नव्हे. पतंजलीच्या योगसूत्रांत जवळजवळ दोनशे सूत्रे आहेत. त्यांतील अवघी तीन आसनाविषयी आहेत, आणि आसन स्थिर व सुखकर असावे, एवढीच त्याची मुख्य अपेक्षा आहे. सर्कशीतल्या मुलीसारखे अंग वळविता आले म्हणजे योग साधला, ही समजूत अलीकडे छायाचित्रांनी फार वाढविली आहे. तिचा आसनांशी संबंध थोडाच.

स्थिर राहण्यात काय साधते? स्नायूला हिसका देऊन ताणले, तर तो उलट आखडतो. स्नायूंमध्ये ताण ओळखणारे सूक्ष्म पहारेकरी असतात. अचानक ताण येताच ते मज्जारज्जूला वर्दी देतात आणि स्नायू आपल्या रक्षणासाठी आकुंचन पावतो. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडीने हलकेच मारतात, तेव्हा पाय आपोआप झटकला जातो, तो याच कारणाने. पण स्नायूला सावकाश ताणले आणि काही क्षण तसेच राहू दिले, तर पहारेकरी शांत होतात व स्नायू सैल पडतो. म्हणून आसनात शिरताना सावकाश शिरावे, क्षणभर थांबावे आणि तितक्याच सावकाश बाहेर यावे. घाईने केलेली दहा आसने आणि निगुतीने केलेली तीन, यांत तीनच बरी.

भुजंगासनाचे उदाहरण घ्यावे. पालथे निजून, हातांवर फारसा भार न देता, पाठीच्याच बळाने डोके व छाती उचलावयाची. विद्यार्थी दिवसभर पुस्तकावर ओणवा असतो. त्याची पाठ पुढे झुकते, खांदे गोल होतात आणि पाठीचे स्नायू दुर्बळ राहतात. भुजंगासन या सर्वांच्या उलट दिशेने शरीराला नेते. पाठीच्या मणक्यांमधील चकत्यांना प्रौढपणी स्वतःचा असा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो; आजूबाजूच्या पेशींतून झिरपणाऱ्या पोषणावर त्या जगतात. बैठ्या माणसाने कणा सर्व दिशांना वळविला पाहिजे, तो यासाठीही. दीर्घकाळ टिकणाऱ्या कंबरदुखीत योगाभ्यासाने थोडाबहुत उतार पडतो, असे अनेक देशांतील वैद्यकीय चाचण्यांत दिसून आले आहे. थोडाबहुत, हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत.

वज्रासन, पवनमुक्तासन, पश्चिमोत्तानासन यांचेही असेच आपापले काम आहे. शीर्षासनाविषयी मात्र सावध राहावे. ते आकर्षक दिसते, परंतु मानेच्या नाजूक मणक्यांवर देहाचा भार येतो आणि डोके खाली असताना डोळ्यांतील दाब बराच वाढतो. जाणत्या शिक्षकावाचून मुलांनी ते करू नये. उड्डियान व नौलीही पुस्तकात वाचून करावयाच्या क्रिया नव्हेत.

आता श्वासाकडे वळले पाहिजे, कारण शरीर व मन यांची गाठ तेथे आहे.

शाळेच्या स्नेहसंमेलनात एक मुलगी भाषणासाठी पडद्यामागे उभी असते. भाषण तिला तोंडपाठ आहे. पण नाव पुकारले जाण्याची वेळ जवळ येताच तिच्या छातीत धडधड सुरू होते, तळहात घामेजतात, तोंडाला कोरड पडते आणि पहिले वाक्यही आठवेनासे होते. तिच्या देहात काय घडले? मेंदूने धोक्याची सूचना दिली. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या छोट्या ग्रंथींनी रक्तात अ‍ॅड्रेनलिन नावाचे द्रव्य सोडले. हृदय वेगाने धावू लागले, श्वास उथळ व जलद झाला, पचन मंदावले. समोर वाघ असता तर ही सर्व तयारी उपयोगी पडली असती. पळावयास किंवा झुंजावयास ती उत्तम आहे. दुर्दैवाने समोर वाघ नाही, पाहुणे बसले आहेत.

या मुलीने हृदयाला "हळू चाल" म्हणून आज्ञा केली, तर ते ऐकणार नाही. घामाला "थांब" म्हटले, तर तो थांबणार नाही. पचनेंद्रियेही तिच्या हुकमतीत नाहीत. पण या सर्व आपोआप चालणाऱ्या कारभारात एक क्रिया अशी आहे, की ती झोपेतही चालते आणि मनात आणले तर हातातही घेता येते. ती म्हणजे श्वासोच्छ्वास. वाड्याला दारे पुष्कळ असावीत, सर्व आतून बंद असावीत आणि एकाच दाराची कडी बाहेरून उघडता यावी, तसे हे आहे. आपल्या पूर्वजांनी हे दार शोधून काढले, हीच प्राणायामाची थोरवी.

मेंदूच्या तळापासून निघून मानेतून हृदय, फुप्फुसे व जठर यांच्याकडे जाणारी व्हेगस नावाची मज्जातंतूंची एक जोडी आहे. हृदयाला लगाम घालणे हे तिचे एक काम. श्वास आत घेताना हा लगाम किंचित सैल होतो व हृदय जरा वेगाने चालते. श्वास बाहेर सोडताना लगाम ओढला जातो व हृदय जरा मंदावते. लहान मुलांत व तरुणांत हा फरक विशेष स्पष्ट असतो. स्वस्थ बसून मनगटावर बोट ठेवले आणि श्वास सावकाश लांबवीत सोडला, तर नाडीचे ठोके किंचित दूर दूर पडू लागलेले बोटालाच समजतात. यंत्राचीही गरज पडत नाही. विश्रांतीच्या वेळी प्रौढ मनुष्य मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. सरावाने तो ६ पर्यंत आणता येतो, आणि उच्छ्वास लांब ठेवला तर हृदयाची धडधड उतरते. काही लोकांत वाढलेला रक्तदाबही थोडासा खाली येतो. पडद्यामागच्या त्या मुलीने दोन मिनिटे नुसता श्वास लांबवीत सोडला असता, तर भीती सर्वस्वी गेली नसती. पण पहिले वाक्य बहुधा आठवले असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. खोल श्वास घेतला म्हणजे रक्तात पुष्कळ जास्त प्राणवायू जातो, असे सर्रास सांगितले जाते. कुवलयानंदांच्या काळीही योगाचे पुरस्कर्ते हेच सांगत. ही गोष्ट सांगणे त्यांना सोयीचे होते, कारण ती ऐकताच श्रोत्याला पटते. परंतु त्यांनी ती तशीच मान्य केली नाही. प्राणायामाचे खरे मोल अधिक प्राणवायूत नाही, दुसरीकडे आहे, असे प्रयोगांती त्यांचे मत बनले. आजचे शरीरशास्त्रही त्याला दुजोरा देते. निरोगी माणसाच्या फुप्फुसांतून निघणाऱ्या रक्ताने शंभरातील ९५ ते ९८ भाग प्राणवायू साध्या श्वासानेच भरून घेतलेला असतो. काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतले, तर ते सांडणारच. उलट, भराभर व जोरजोराने श्वास घेतल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर घटतो आणि घेरी येते. म्हणून प्राणायामात चढाओढ कधीही करू नये.

मनाला मिळणारा लाभ केवळ भीती उतरण्यापुरता नाही. श्वासाकडे लक्ष देऊन बसणारा विद्यार्थी थोड्याच वेळात पाहतो, की मन क्रिकेटच्या मैदानावर जाऊन आले आहे. तो त्याला परत आणतो. पुन्हा ते सुटते; पुन्हा आणतो. मन सुटले म्हणजे अभ्यास फसला, असे नवख्याला वाटते. वास्तविक परत आणणे हाच तो अभ्यास. दंडबैठकांनी जसे दंड भरतात, तसे या परत आणण्याने अवधान भरते. गणित सोडविताना किंवा धडा वाचताना तेच अवधान उपयोगी पडते.

आता एका कठीण परीक्षेची हकीगत. काही योगी आपले हृदय थांबवून दाखवू शकतात, अशी ख्याती फार दिवसांची होती. ते श्वास रोखून बसत. पाहणारा मनगट धरी आणि खरोखरच नाडी लागत नसे. छातीला कान लावला, तरी ठोके ऐकू येत नसत. १९३५ साली थेरेस ब्रॉस नावाच्या फ्रेंच विदुषी हृदयाचा आलेख काढणारे यंत्र घेऊन भारतात आल्या. त्यांच्या आलेखात एका योग्याच्या हृदयाची रेषा अगदी क्षीण झालेली दिसली. मग काय, ही वार्ता दूरवर पोहोचली.

१९५७ साली अमेरिकेतून वेंगर व बागची हे दोन संशोधक आले, आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. बलकृष्ण आनंद यांच्यासह त्यांनी हा दावा तपासला. त्यांनी चार योग्यांची परीक्षा घेतली. तिघांच्या बाबतीत नाडी नाहीशी झाली, हे खरे. पण आलेखावरची रेषा उड्या मारीतच राहिली. हृदय थांबले नव्हते! श्वास रोखून छाती व पोट यांचे स्नायू जोराने आवळल्यामुळे हृदयाकडे परत येणारे रक्त अडत होते. हृदय धडकत होते, पण त्यातून पुढे फारच थोडे रक्त जात होते. म्हणून मनगटात नाडी नव्हती. ठोके ऐकू न येण्याचे कारण आवळलेल्या स्नायूंचाच आवाज. चौथ्या योग्याने हृदय थांबविले नाही, मात्र त्याची गती त्याने बरीच मंद करून दाखविली.

या निकालाने कित्येकांचा हिरमोड झाला असेल. थांबलेल्या हृदयाची कथा सांगावयास अधिक चांगली होती. परंतु ज्याने आपली विद्या एकदा प्रयोगशाळेच्या दारात नेली, त्याने मनाविरुद्ध उत्तर ऐकण्याचीही तयारी ठेवली पाहिजे. आणि नीट पाहिले, तर हाती काही थोडे लागले नाही. स्नायूंवर इतका ताबा मिळविता येतो, हृदयाची चाल अभ्यासाने मंद करता येते, एवढे तरी आलेखावर उतरले. ते कोणाच्या शब्दावर विसंबून मानावे लागत नाही.

योगाच्या नावावर आजही पुष्कळ काही सांगितले जाते. अमुक आसनाने मधुमेह समूळ जातो, तमुक प्राणायामाने दम्याचे औषध सोडता येते, असे म्हणणारे भेटतात. दम्याच्या रोग्याला योगाभ्यासाने काहीसे बरे वाटू शकते, पण औषधाची जागा तो अभ्यास घेत नाही. औषध सोडल्याने प्राणावर बेतते. असल्या दाव्यांना कुवलयानंदांनी एकच प्रश्न विचारला असता: मोजले का?

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंदांचे निधन झाले. तोवर लोणावळ्यास योगशिक्षणाचे महाविद्यालय आणि योगोपचारांचे रुग्णालय उभे राहिले होते, आणि मुंबईस चौपाटीजवळ आरोग्यकेंद्र चालू होते. २०१५ पासून २१ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मैदाने भरून जातात. लोणावळ्यास मात्र रोजच सकाळी साधक चटया पसरतात, आणि ज्यात उड्डियानाचा पहिला प्रयोग छापला गेला, ते 'योगमीमांसा' अजूनही निघते.

स्वाध्याय

१. पाणी नळीतून वर का चढते, याविषयी लोकांचे तर्क आणि गुण्यांचा तर्क यांत कोणता भेद होता? प्रयोगाने काय सिद्ध झाले?

२. 'वाड्याला दारे पुष्कळ असावीत' हा दृष्टान्त कशासाठी योजला आहे, ते आपल्या शब्दांत लिहा.

३. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : निगुतीने, हिरमोड, दुजोरा, अवधान.

४. स्वस्थ बसून एका मिनिटातील नाडीचे ठोके मोजा. नंतर पाच मिनिटे श्वास लांबवीत सोडा व पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा. फरक पडला नाही, तर तसेच लिहा.